आईला वाचून दाखवताना : एक शुद्धिपत्र

१

मराठीच्या अध्यापकाने आपल्या अलीकडच्या वाचनाविषयी लिहायचे ठरवले की त्याच्यासमोर एक ठरलेली वाट असते. कोणत्या कृती वाचल्या, त्यांचे आशयसूत्र काय, रूपबंध कसा, परंपरेत त्यांचे स्थान कोणते, या क्रमाने तो जातो आणि वाचणारा 'मी' शक्य तितका बाजूला ठेवतो. गेली अनेक वर्षे मीही याच वाटेने गेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र ती वाट सोडावी लागत आहे. गेल्या वर्षभरात ज्या कादंबऱ्या वाचल्या त्या मी एकटीने वाचल्याच नाहीत. त्या मी आईला वाचून दाखवल्या. त्यांविषयीची माझी मते तिच्या मतांत इतकी गुंतलेली आहेत की ती वेगळी काढून मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आम्ही महाळुंग्यात राहतो. मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे हे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडी-महाळुंग्याच्या शिवारात क्रीडासंकुल उभे राहिले, पलीकडे हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि जून २०२१ मध्ये गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. आमची जमीन त्याआधीच गेली होती. जिथे आमची ज्वारी होत असे त्याच्या शेजारच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, आता आमचे घर आहे. आई सत्तरीची आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आहे. कडेचे दिसते, मधले पुसट होते. घरात कोण आले-गेले ते कळते, पण अक्षर लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "टीव्हीवरचं सगळं एकसारखंच चाललंय. काहीतरी वाच की." काय वाचू, असे विचारल्यावर थोडा वेळ थांबून तिने सांगितले, "तुझं ते नको. गोष्ट असलेलं वाच."

'तुझं ते' म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही नीट ठाऊक होते.

२

त्या दोन शब्दांमागे जवळजवळ दोन तपांचा इतिहास आहे. २००२ साली मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात होते. सुट्टीत वसतिगृहातून घरी आले तेव्हा माझ्या पिशवीत नेमाड्यांचे 'टीकास्वयंवर' होते आणि डोक्यात त्याहून अधिक काही. दुपारची कामे उरकून आई ओट्यावर बसून एक कादंबरी वाचत होती. चंद्रकांत काकोडकरांची होती, एवढे मला आठवते. मी ती तिच्या हातातून घेतली, दोन पाने चाळली आणि विभागात नव्यानेच शिकलेल्या शब्दांत तिला समजावून सांगितले की हे वाङ्मय पलायनवादी आहे, ते वाचकाची जाणीव बोथट करते आणि त्याला त्याच्या वास्तवापासून दूर नेते.

आई सातवी शिकलेली. तिने वाद घातला नाही; पुस्तक परतही मागितले नाही. ती आत गेली आणि तिने चुलीला लाकूड लावले. त्यानंतर मी तिला माझ्यासमोर कादंबरी वाचताना कधी पाहिले नाही. यात मला वावगे काही वाटले नाही. उलट, माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग, असेच मी समजत होते.

पुढे माझा प्रबंध झाला. एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीतील सामाजिक जाणीव हा त्याचा विषय. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून हरिभाऊ आपट्यांपर्यंतची रेघ मी त्यात ओढली आणि या रेघेच्या आड येणाऱ्या अद्भुतरम्य कादंबरीला जेमतेम दोन पाने दिली. ल. मो. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), ना. स. रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी कृती यांना 'वास्तवाला सामोरे जाण्यास असमर्थ असलेल्या अभिरुचीची पैदास' म्हणून मी निकालात काढले. परीक्षकांनी या वाक्याला हरकत घेतली नाही. ते आमच्या सर्वांच्याच मनातले वाक्य होते. पुढे वर्गात मी ते वर्षानुवर्षे सांगितले आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकांत उतरवून गुण मिळवले.

३

आईला 'गोष्ट असलेलं' हवे होते, म्हणून मी 'मंजुघोषा' काढली. खरे तर त्यामागे थोडा खोडसाळपणा होता. अद्भुत म्हणजे काय ते एकदा तिला ऐकू दे, आपोआप कंटाळेल, असा माझा कयास होता. काही अंशी तो खरा ठरला. संस्कृत गद्याच्या वळणाची लांबलचक वर्णने सुरू झाली की ती म्हणे, "हे राहू दे, पुढं काय झालं ते सांग." मोठ्याने वाचताना मलाही जाणवले की या वर्णनांची लय कानाला धरून ठेवते, पण गोष्टीला पुढे सरकू देत नाही. ही माझी जुनी तक्रार आजही कायम आहे.

परंतु कादंबरीआधी मी तिला प्रस्तावनेतला मुद्दा सांगितला होता आणि तिथे माझा कयास साफ चुकला. रिसबुडांचा तो युक्तिवाद आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याचा आशय असा: विवाहाविषयीची आपली रीत आणि अन्य काही कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावेत असे गुणही आढळत नाहीत आणि दोषही आढळत नाहीत, रोज अनुभवाला येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात तर त्यांत चित्त वेधून घेणारे काही नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करावा लागतो. माझ्या प्रबंधात मी याला 'पळवाट' म्हटले होते.

आईने ते ऐकले आणि म्हणाली, "खरंच आहे की त्याचं. मला कुठं कुणी विचारलं होतं? चहाचे कप घेऊन गेले, नजर सगळी बशीकडं. मान वर केली तोवर लग्न ठरलं होतं. ह्याची गोष्ट काय करणार तो बिचारा?"

आईचे लग्न १९७२ साली झाले, 'मंजुघोषा'नंतर एकशे चार वर्षांनी. तिचे माहेर पौडच्या बाजूचे. लग्नात ती सतरा वर्षांची होती. रिसबुडांच्या प्रस्तावनेचे इतके नेमके भाष्य मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नव्हते. मी त्या विधानाकडे लेखकाने केलेली सबब म्हणून पाहत आले होते. आईने ते साक्षीदाराचा जबाब म्हणून ऐकले. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला न विचारता, बहुधा तिला कळण्याआधीच होई, तिथे दोन माणसांनी एकमेकांना पाहणे, एकमेकांसाठी झुरणे, अडथळे ओलांडून एकमेकांची निवड करणे या घटना घडायच्या तरी कोठे? प्रेमकथेला लागणारी 'निवड' हीच गोष्ट वास्तवात नव्हती. कथाकाराने ती दुसऱ्या देशात, राजवाड्यांत आणि अरण्यांत नेऊन ठेवली. अद्भुत हे त्या काळच्या प्रेमकथेला मिळालेले एकमेव राहते घर होते.

'यमुनापर्यटन'शी याची तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बाबा पदमनजींना विधवांच्या आयुष्यात गोष्ट सापडली होती, म्हणजे वास्तवात काहीच नाही हे रिसबुडांचे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हे. पण पदमनजींना सापडली ती दुःखाची गोष्ट. रिसबुडांना हवी होती ती सुखाची. एका अभावाला मिळालेली ही दोन उत्तरे आहेत. एकाने जखम उघडी करून दाखवली. दुसऱ्याने जिथे ती जखमच नाही असा मुलूख रचला. माझ्या प्रबंधाने यांपैकी पहिल्याला 'जाणीव' म्हटले आणि दुसऱ्याला 'पलायन'. त्या मुलखाचा नकाशा वास्तवाच्या नेमका उलट काढलेला आहे आणि म्हणून तोही वास्तवाचाच पुरावा आहे, हे मला दिसले नाही.

यानंतर आम्ही नाथमाधवांची 'वीरधवल' घेतली. ही जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकावर आधारलेली. एकेकाळी घरोघर वाचली गेलेली आणि आज अभ्यासक्रमात नावापुरती उरलेली. ही मात्र आईने एका दमात ऐकली. गुप्त वाटा, कारस्थाने, संकटे यांत तिला कंटाळा आला नाही, कारण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढच्याची ओढ होती. वाचून झाल्यावर मी तिला सांगितले की नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, ऐन तारुण्यात सिंहगडावर कड्यावरून पडले, त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले आणि ही सगळी धावपळ त्यांनी अंथरुणावर पडून लिहिली. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जे त्याला जमत नव्हतं ते त्यानं लिहिलं." अद्भुतरम्यतेची याहून थोडक्यात व्याख्या मला करता येणार नाही.

४

प्रणयरम्य कादंबऱ्यांकडे वळताना मी सावध होते. आधी फडके घेतले. ना. सी. फडक्यांच्या १९२५ ते १९३५ या काळातल्या कादंबऱ्या मोठ्याने वाचण्याचा एक लाभ असा की त्यांचे तंत्र कानाला कळते. वाक्य कोठे सोडावे, भेट किती लांबवावी, गैरसमज कोणत्या पानावर उभा करावा, हे सर्व घड्याळासारखे चालते. 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये त्यांनी जे शास्त्र सांगितले ते त्यांनी आधीच कृतीत उतरवले होते. मोटारी, टेनिस, दिवाणखाने, कॉलेजातली तरुण-तरुणी. रिसबुडांना जो मुलूख कल्पनेत रचावा लागला तो फडक्यांना शहरातल्या एका लहानशा वर्गात तयार सापडला. आता प्रेम याच देशात, याच काळात होऊ शकत होते. फक्त ते आमच्या आळीत होत नव्हते. आईला कथा आवडली, पण तिने एक शंका काढली, "ह्यांच्या घरात स्वयंपाक कोण करतं?" फडक्यांवरच्या जीवनवादी टीकेचे मुद्दे मी वर्गात आठवडाभर शिकवते. त्यांचा गाभा त्या एका प्रश्नात आहे. तरीही ती पुढे म्हणाली, "असू दे. थोडा वेळ आपल्यालाही करावा लागत नाही." वाचकाला फसवणूक कळत असते आणि तरी तो ती स्वखुशीने पत्करतो, हे आमच्या 'पलायनवाद' या संज्ञेत बसत नाही.

मग मी काकोडकर आणले. काकोडकरांचे नाव आमच्या वर्गात घेतले जात नाही. घेतले तर खटल्यापुरते. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला, तोही त्याच वर्षी. इतका वाचला गेलेला लेखक वाङ्मयेतिहासात एका ओळीचाही धनी नसावा, हे आमच्या शिस्तीचे लक्षण आहे.

मी वाचत होते आणि एका ठिकाणी दम घ्यायला थांबले, तर पुढचे वाक्य आईने पुरे केले.

"ही तू वाचलेली आहेस?"

"हो. पण तू वाच."

"तुला पुस्तकं कोण आणून द्यायचं गं तेव्हा?" हा प्रश्न मी तिला इतक्या वर्षांत कधीच विचारला नव्हता.

"तात्या आणायचे."

माझे वडील, तात्या, २०१६ मध्ये गेले. मी त्यांना कधी पुस्तक हातात घेतलेले पाहिले नाही. ते पहाटे दूध घालायला पुण्यात जात, आधी सायकलवर, नंतर मोटारसायकलवर. परत येताना एका पेठेतल्या वाचनालयातून ते आईसाठी कादंबरी आणत. त्यांना निवडता येत नसे. आई चिठ्ठीवर नाव लिहून देई, ते नसेल तर वाचनालयातला माणूस देईल ते. पावसात भिजू नये म्हणून पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते रिकाम्या किटलीत घालत. भावकीत चर्चा नको, हेही एक कारण असावे. "काही पुस्तकांना दुधाचा वास लागायचा," आई म्हणाली. "त्या वाचनालयवाल्यानं एकदा विचारलंही होतं तात्यांना."

"मग बंद कधी केलं?"

"तू बोललीस तेव्हा. मी म्हटलं त्यांना, आता नका आणू. पोरगी शिकलेली आहे, तिला कळत असेल बरोबर. ते बरं म्हणाले. पण वर्गणी मात्र भरत राहिले दोन-तीन महिने. म्हणाले, तुझं मन बदललं तर असू दे."

त्या रात्री पुढे वाचले नाही.

या प्रसंगाची मला इथे नोंद करावी लागते ती केवळ अपराधाची कबुली म्हणून नव्हे. वाङ्मयविचाराच्या दृष्टीनेही तो माझ्यासमोर एक प्रश्न उभा करतो. रिसबुडांचे म्हणणे होते की आपल्या विवाहांत गोष्ट नाही. आईनेही ते मान्य केले होते. पण ज्या लग्नात निवड नव्हती, त्याच लग्नात एक माणूस दुधाच्या किटलीतून प्रेमकथा घरी आणत होता, आणि त्या कथा वाचायला त्याला स्वतःला सवड नव्हती. ही गोष्ट रिसबुडांना दिसली नसती, फडक्यांना ती हास्यास्पद वाटली असती, आणि सामाजिक जाणिवेवर प्रबंध लिहिणारी मी तिच्यात राहत असूनही मला ती दिसली नाही. आमच्या घरातला तो एकमेव प्रणय होता आणि तो मी दोन समीक्षकी शब्दांत बंद पाडला.

आणखी एक गोष्ट. एम. ए. झाल्यावर मला एक चांगले स्थळ आले होते. सगळे जमल्यासारखेच होते. तेव्हा आईने तात्यांना सांगितले, "तिला विचारा आधी." मी नको म्हटले आणि पुढे शिकले. आईच्या तोंडी हा 'विचारा' शब्द कोठून आला, याचा पुरावा माझ्यापाशी नाही. कादंबऱ्या वाचून माणसे अशी बदलतात, असा निष्कर्ष मी विद्यार्थ्याच्या प्रबंधात चालू देणार नाही. पण वर्षानुवर्षे तिने अशा कथा वाचल्या होत्या ज्यांत मुलीला काय हवे आहे यावर सगळे कथानक अवलंबून असते, एवढी वस्तुस्थिती मी नमूद करते.

५

हिवाळ्यात आम्ही ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे आलो. हा प्रकार वर्गात सर्वांत प्रतिष्ठेचा. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून हरिभाऊंच्या 'उषःकाल'पर्यंत आणि तेथून रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील यांच्यापर्यंत. हरिभाऊंचे उदाहरण इथे मुद्दाम आठवावे. १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' पत्रात त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' म्हणून यमूची करुण कहाणी लिहिली आणि त्याच पत्रातून ऐतिहासिक कादंबऱ्याही दिल्या. आजकालच्या घरात यमूला जे मिळू शकत नव्हते ते पराक्रम, मान आणि मोकळीक त्याच लेखकाने भूतकाळात शोधली. म्हणजे रिसबुडांनी जे परमुलखात नेले ते इथे परकाळात गेले. गरज तीच, पत्ता बदलला.

'स्वामी' (१९६२) वाचताना हे फार जाणवले. ही कादंबरी मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली आहे असे वाटावे इतके तिचे संवाद सुटसुटीत आणि भारदस्त आहेत. आई थेऊरला एस. टी.ने जाऊन आलेली. माधवराव पेशवे १७७२ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तेथे वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे तिला ठाऊक होते. तरी शेवटच्या प्रकरणांत तिचे डोळे पुसणे चालले होते. आणि मग दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने विचारले, "हे दोघं रात्री काय बोलले ते लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, हे उघड आहे. एकांतातले संवाद कोणत्याही दफ्तरात सापडत नाहीत. 'स्वामी'चा खरा विषय पेशवाईचे राजकारण नसून पतिपत्नींमधला जिव्हाळा आहे, आणि तो एकत्र कुटुंबातल्या हजारो वाचकांना हवाहवासा वाटला म्हणून ती कादंबरी घराघरात गेली, असे मला आज वाटते. 'स्वामी' हीदेखील एक प्रणयरम्य कादंबरी आहे. तिला शनिवारवाड्याचा पत्ता आहे एवढेच. यात गैर काही नाही. अडचण वेगळीच आहे. 'वीरधवल' वाचून कोणी त्या राज्याचा नकाशा मागत नाही. काकोडकरांची नायिका कोणत्या गल्लीत राहते हे शोधायला कोणी जात नाही. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक मात्र तिच्यावर विश्वास ठेवतो आणि लेखकही त्याला तसे करू देतो. 'राऊ' (१९७२) वरून २०१५ मध्ये आणि 'छावा' (१९७९) वरून २०२५ मध्ये चित्रपट निघाले, तेव्हा आपल्याकडे झालेले वाद आठवावेत. त्यानंतर माझ्याच वर्गात एका हुशार विद्यार्थ्याने संभाजीराजांविषयीच्या एका विधानाला आधार म्हणून 'छावा'चे पान सांगितले. मी त्याला म्हटले, ही कादंबरी आहे. तो अदबीने म्हणाला, "पण मॅडम, तुम्हीच शिकवलंत की ही वास्तवाला सामोरी जाणारी परंपरा आहे." त्याचे चुकले नव्हते. अद्भुताला मी खोटे ठरवले होते, त्यामुळे इतिहासाचा वेष घातलेले सर्व काही त्याच्या हिशेबी खरे ठरले होते.

याला अपवाद आहेत आणि त्यांचा उल्लेख करायला हवा. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना चरित्रनायकाविषयीचे प्रश्न कादंबरीच्या दारातच उभे करते आणि वाचकाला जागे ठेवते. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (१९९७) तर हाच खेळ उघड करते. एक सामान्य, मिस्कील माणूस पेशवाईचा काळ आपल्या तोंडाने सांगतो आणि मोठ्यांच्या मोठेपणाकडे खालून पाहतो. आई 'अंताजी'ला मनापासून हसली. "हा आपल्यातला दिसतोय," ती म्हणाली. त्याआधी 'श्रीमान योगी' ऐकताना तिने विचारले होते की मोहिमेवर गेलेल्या मावळ्यांच्या घरी त्या साली पेरणी कोणी केली. मुळशीच्या मातीतल्या बाईने विचारायचा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आमच्या प्रतिष्ठित ऐतिहासिक कादंबरीने फारसे दिलेले नाही. फडक्यांच्या दिवाणखान्यात स्वयंपाक कोण करते, हाच तो प्रश्न. पण फडक्यांना आम्ही तो विचारला आणि इतिहासाला विचारला नाही.

६

या वर्षभराच्या वाचनातून काही कायमचा सिद्धान्त निघाला, असा माझा दावा नाही. अद्भुतरम्य, प्रणयरम्य, ऐतिहासिक ही उतरंड उलटी करून पहिली वर आणि तिसरी खाली ठेवावी, असेही मला सुचवायचे नाही. 'मंजुघोषा' कंटाळवाणी आहे आणि 'स्वामी'चे गद्य देखणे आहे, ही माझी मते बदललेली नाहीत. बदलले आहे ते मापन. कृती वास्तवापासून किती दूर आहे, हे मी आजवर मोजत आले. आता मला ती वाचकाशी कोणता करार करते, हे पाहावेसे वाटते. अद्भुतरम्य कादंबरी सांगते की हे घडणे शक्य नाही, तरी ऐक. प्रणयरम्य कादंबरी सांगते की हे तुझ्याकडे घडत नाही, पण कोठेतरी घडत असेल. ऐतिहासिक कादंबरी सांगते की हे घडलेच आहे. यांपैकी पहिल्या दोन कराराच्या बाबतीत आईसारखा वाचक कधी फसत नाही, हे मी एका वर्षात पुन्हा पुन्हा पाहिले. तिसऱ्याच्या बाबतीत आम्ही पदव्युत्तर वर्गातली माणसेसुद्धा फसतो. अध्यापकाने आपली दक्षता कोठे खर्च करावी, याचे उत्तर त्यात आहे.

राहता राहिले माझ्या प्रबंधातले ते वाक्य. त्याची दुरुस्ती मी पुढीलप्रमाणे करते: 'एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरी ही, ज्यांना आयुष्यात निवड नव्हती अशा माणसांनी निवडीची केलेली कल्पना आहे, ती वास्तवाची नोंद उलट बाजूने करते, आणि तिच्या वाचकांनी तिचा काय उपयोग केला हे त्यांना विचारल्याशिवाय तिच्याविषयी निर्णय देता येत नाही.' प्रबंधाच्या माझ्या प्रतीत हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवले आहे. विभागाच्या ग्रंथालयातील प्रतीत तसे करता येत नाही. ती अजूनही विद्यार्थ्यांच्या हाती जाते. म्हणून ते इथे छापून ठेवत आहे.